क्विझचे दहा गुण (ग्रुप: ए व बी विंग, सर्व सभासद)

देशपांडे बी-४०२: सर्वांना नमस्कार. लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं, पण राहवत नाही. शनिवारच्या क्विझमध्ये फुटबॉलचा प्रश्न होता, 'युरोपियन कप (आजची चॅम्पियन्स लीग) जिंकणारा पहिला पोर्तुगीज प्रशिक्षक कोण?' बी विंगने आर्तुर जॉर्ज सांगितलं. निखिलने ते चूक ठरवून मोरिन्यो जाहीर केलं. मोरिन्यो २००४ चा. आर्तुर जॉर्ज १९८७ चा. दोघंही पोर्तुगालच्या पोर्टो क्लबचेच कोच. आमचे १० गुण द्यावेत ही विनंती.

निखिल ए-१०३: काका, आत्ताच बघितलं. आर्तुर जॉर्ज ब्राझीलच्या बोताफोगो क्लबचा कोच होता. २०२४ मध्ये कोपा लिबेर्तादोरेस (दक्षिण अमेरिकेचा कप) जिंकला. आणि तो डिफेंडर होता, तुम्ही माइकवर स्ट्रायकर म्हणालात 🙏

देशपांडे बी-४०२: तो वेगळा रे! एका नावाचे दोन कोच. आपल्याकडे नाहीत का दोन जोशी?

जोशी बी-२०१: विषय निघालाच आहे तर, माझं कुरिअर अजून मिळालेलं नाही.

जोशी ए-२०१: वॉचमनकडे दिलंय. तीनदा सांगून झालंय.

गोखले ए-५०१: देशपांडे, बक्षीस समारंभ झाला, फोटो पडले. गणपतीत अंताक्षरीलाही असंच झालं होतं. नावं घेत नाही.

देशपांडे बी-४०२: घ्या की नाव. 'ळ' आला की 'ल' चालतो हा नियम तुमच्याच सौ. सांगत होत्या.

सौ. गोखले ए-५०१: मला यात ओढू नका, प्लीज.

मंजिरी बी-१०४: फोटो बघितला त्या जॉर्जचा. काय ती मिशी! दहा काय, वीस गुण द्या 😂

गोखले ए-५०१: पण पोर्तुगालच्याच बेनफिका क्लबने तर १९६१ लाच कप जिंकला होता. मग तुमचा जॉर्ज पहिला कसा?

वीणा कुलकर्णी बी-३०१: तेव्हा बेनफिकाचे कोच बेला गुटमन. हंगेरियन. १९६२ लाही तेच.

मंजिरी बी-१०४: वीणाकाकू???? 😳

वीणा कुलकर्णी बी-३०१: अगं, आमच्याकडे घरी फुटबॉलच असायचा. देशपांडे बरोबर सांगतायत. आर्तुर जॉर्ज पोर्टोचाच, पण नाव केलं कोइंब्राच्या अकादेमिकाकडून खेळताना. खेळता खेळता तिथल्या विद्यापीठात जर्मन शिकला. मग बेनफिका. १९७०-७१ आणि १९७१-७२, लागोपाठ दोन हंगाम लीगमध्ये सर्वात जास्त गोल त्याचे. आणि संघात युसेबियोसारखा जगप्रसिद्ध स्ट्रायकर होता! पुढे कोचिंग शिकायला पूर्व जर्मनीत, लाइपझिगला. कवितासुद्धा करायचा.

निखिल ए-१०३: कामत काका, तुम्ही गोव्याचे. तुम्ही सांगा ना.

कामत ए-३०२: गोव्याचा म्हणून पोर्तुगालचं सगळं पाठ हवं का? आम्ही साळगावकर-डेम्पो या गोव्याच्या क्लबांवर वाढलेली माणसं. त्यांचं काहीही विचार.

देशपांडे बी-४०२: १० गुणांचं काय झालं?

वैद्य (सेक्रेटरी): कृपया शांतता राखा. बी विंगची लिफ्ट उद्या ११ ते १ बंद राहील.

मंजिरी बी-१०४: परत?? 😡

देशपांडे बी-४०२: लिफ्टचं नंतर. १९८७ ची फायनल ऐका. व्हिएन्ना, समोर बायर्न म्युनिक. पोर्टोचा हुकमी स्ट्रायकर फर्नांडो गोम्स जखमी. हाफ टाइमला १-० ने मागे. अशा वेळी घाबरट कोच बचाव वाढवतो. ह्याने बदली म्हणून फॉरवर्ड उतरवला, ब्राझीलचा जुआरी. शेवटच्या पंधरा मिनिटांत आधी माद्जेरने टाचेने गोल मारला, मग त्याच माद्जेरच्या पासवर जुआरीने. २-१. स्ट्रायकरचं डोकं आहे हे, बाकी कुणाला सुचणार नाही.

गोखले ए-५०१: एक मॅच हो ती.

देशपांडे बी-४०२: पोर्टोकडून तीन वेळा लीग. १९९४ ला पॅरिसच्या पीएसजीला फ्रान्सची लीग. ही पण एक मॅच का?

वीणा कुलकर्णी बी-३०१: देवही करू नका त्याला. स्वित्झर्लंडचा कोच असताना १९९६ च्या युरो स्पर्धेला क्नुप आणि सुटर या नावाजलेल्या खेळाडूंनाच वगळलं, देश खवळला, आणि संघ गटातच बाहेर. नंतर पोर्तुगालचा कोच, तर १९९८ च्या वर्ल्ड कपला पात्रच झाले नाहीत. मधे १९९७ ला सा पिंतो नावाच्या खेळाडूला संघात घेतलं नाही, तर पठ्ठ्याने शिबिरात जाऊन जॉर्जना मारलं. वर्षभराची बंदी बसली.

गोखले ए-५०१: म्हणजे मार खाल्लेल्या कोचसाठी भांडताय? 🤣

देशपांडे बी-४०२: वीणाताई, तुम्ही नक्की कुठल्या विंगच्या?

वीणा कुलकर्णी बी-३०१: खरं ते सांगितलं. पुढचं ऐका. हा सा पिंतोसुद्धा स्ट्रायकर, तोही कोच झाला. २०१२ ला त्याचा स्पोर्टिंग क्लब पोर्तुगालच्या कपच्या फायनलमध्ये ०-१ ने हरला. कुणाकडून? अकादेमिकाकडून. जॉर्जच्या जुन्या क्लबकडून.

मंजिरी बी-१०४: 👏👏 मारलेलं फिटलं!

कामत ए-३०२: हे भारी आहे. मी ए विंगचा असूनही बी ला गुण द्या म्हणतो. माणूस २०२४ ला गेला, निदान त्याचं उत्तर तरी बरोबर धरा.

गोखले ए-५०१: कामत, मेंटेनन्सच्या मीटिंगलाही तुम्ही असेच फिरला होतात.

देशपांडे बी-४०२: १० गुणांचं काय झालं?

निखिल ए-१०३: सॉरी काका, बघितलं. १९८७, हाच आर्तुर जॉर्ज. माझ्या शीटवर चुकीचं होतं. शीट बाबांनी केली होती.

गोखले ए-५०१: बाबा कोण ते ग्रुपला माहीत आहे, वैद्यसाहेब.

वैद्य (सेक्रेटरी): प्रश्न घाईत काढले होते. बी विंगला १० गुण देण्यात येत आहेत. आता दोन्ही विंग ९०-९०. ट्रॉफी सहा-सहा महिने. विषय संपला.

गोखले ए-५०१: ट्रॉफी आमच्या लॉबीत भिंतीला स्क्रू मारून बसवली आहे. कशी काढणार?

देशपांडे बी-४०२: स्क्रूड्रायव्हर आहे माझ्याकडे. सहाला येतो.

सौ. गोखले ए-५०१: सहाला नको, पाहुणे आहेत. साडेसातला या, चहा टाकते.