वॉरहॉलच्या फ्लॉप्या: फाइल निघाली, पण चित्र वाचलं का?

पिक्सेलपंत (धागाकर्ता)
अमेरिकन पॉप-आर्ट चित्रकार अँडी वॉरहॉलने १९८५ च्या सुमारास अमिगा १००० या घरगुती संगणकावर काढलेली चित्रं पिट्सबर्गच्या वॉरहॉल संग्रहालयात फ्लॉप्यांवर पडून होती. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या कॉम्प्युटर क्लबने ती वाचून काढली, हे २०१४ मध्ये जाहीर झालं. माझ्या मते जतन म्हणजे एवढंच. जुनी यंत्रं पोसण्यात पैसा घालू नये. फ्लॉपीची लेखनबंदीची खिडकी उघडी करा. पीसीचा कंट्रोलर (फ्लॉपी-ड्राइव्ह चालवणारी चिप) चालणार नाही, कारण अमिगा ११ सेक्टरांचा (तुकड्यांचा) अख्खा ट्रॅक, म्हणजे चकतीवरचं एक वर्तुळ, सलग लिहिते. ड्राइव्हला जोडायच्या क्रायोफ्लक्ससारख्या कार्डाने दर ट्रॅकचे पाच फेरे कच्च्या चुंबकीय रूपात टिपा. १६० ट्रॅक, तीन मिनिटांत काम फत्ते.

खडूफळा
फत्ते कसलं! बुरशी आलेली चकती तशीच घातलीत तर ड्राइव्हचं वाचणारं हेड तिच्यावरचा चुंबकीय थर खरवडणार, तोही पाच वेळा. आधी आयसोप्रोपिलने पुसा, दर फ्लॉपीनंतर हेडही.
शिवाय फाइल म्हणजे चित्र नव्हे. पडदा ३२० × २०० ठिपक्यांचा, ४०९६ पैकी ३२ रंग. तो ४:३ च्या काचेवर पसरायचा, म्हणजे प्रत्येक ठिपका उभट. आजच्या मॉनिटरवर तशीच उघडली की वॉरहॉलची मर्लिन मन्रो बसकी दिसते! २०२१ च्या क्रिस्टीजच्या लिलावात यातली पाच चित्रं ४५०० × ६००० ची करून विकली. या दोन्हींतल्या एकाही आकड्याला ३२० ने पूर्ण भाग जात नाही. म्हणजे ठिपके लहानमोठे तरी होणार, नाहीतर कडा पुसट. म्हणून मूळ यंत्र आणि सीआरटी (जुना काचेच्या नळीचा मॉनिटर) चालू हवेत.

पिक्सेलपंत
त्यासाठी सीआरटी कशाला? आडवं ५ पट, उभं ६ पट: १६०० × १२००. गणित लिहून ठेवलं की झालं. यंत्रांचं म्हणाल तर अमिगा २००० ची बोर्डावरची निकेल-कॅडमियम बॅटरी गळून तांब्याच्या रेघा खाते. व्हिनेगरने क्षार मारता येतो, गेलेली रेघ परत येत नाही.

जुनाट डिस्क
अमिगा १००० मध्ये ती बॅटरीच नाही हो, उदाहरण चुकीचं घेतलंत. सीआरटीचा फ्लायबॅक (उच्च दाब देणारा ट्रान्सफॉर्मर) जातो म्हणाला असतात तर मान्य.
पण दोघेही सॉफ्टवेअरला विसरलात. चित्रं ग्राफिक्राफ्ट या चित्रं काढायच्या प्रोग्रामच्या बाजारात न आलेल्या आवृत्तीत केलेली, फाइलचं स्वरूप कुठे नोंदलेलं नाही. क्लबला ते उलटं उकलावं लागलं. त्यात अमिगा १००० चं किकस्टार्ट (यंत्र सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) हेही फ्लॉपीवरूनच चढतं. "campbells.pic" ही चित्राची फाइल जपली आणि शेजारची किकस्टार्टची चकती 'रिकामी असेल' म्हणून टाकली, तर इम्युलेटर (जुन्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्राम) तरी कशावर चालवणार? खोक्यातली प्रत्येक फ्लॉपी टिपा, लेबलाच्या फोटोसकट. आणि कच्ची नोंद ठेवा. नुसत्या एडीएफमध्ये (अमिगा फ्लॉपीच्या प्रतीची फाइल) उलगडलेले सेक्टर तेवढे उरतात, न वाचलेल्या जागी पुन्हा डोकं लावता येत नाही.

खडूफळा
किकस्टार्टबद्दल +१. बसक्या मर्लिनचं गणितही मान्य. सीआरटीचा हट्ट मात्र कायम: ते ठिपके काचेवर इतके धारदार कधी दिसलेच नव्हते.