मदत हवी आहे: अंडंही न येणाऱ्या घरात मुंगळ्यांना पूरक आहार काय द्यावा? (रोज चार-पाच मरताहेत)

नाशिकची_मावशी

मंडळी, नमस्कार. आधीच सांगते, मला मुंगळे घालवायचे नाहीत, जगवायचे आहेत. मागे दुसरीकडे विचारलं तर सगळ्यांनी हळद आणि औषधाचा खडूच सुचवला.

भाचा ऑगस्टमध्ये शिकायला जर्मनीला गेला आणि जाताना त्याची मुंगळ्यांची वसाहत माझ्या गळ्यात घालून गेला. आपले नेहमीचे मोठे काळे मुंगळे, शास्त्रीय नाव कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस. मागच्या वर्षी जूनमध्ये पहिला पाऊस झाल्यावर गॅलरीतल्या दिव्याखाली त्याला राणी सापडली होती. आता राणी आणि शंभरेक कामकरी आहेत. राहायला प्लास्टर ऑफ पॅरिसचं घर, त्याला नळीने जोडलेला एक प्लास्टिकचा डबा. खाणंपिणं त्या डब्यात. भाचा त्याला अंगण म्हणतो.

त्याच्याकडे असताना त्यांना साखरपाणी आणि आठवड्यातून दोनदा झुरळाचा तुकडा मिळायचा. झुरळं फ्रीजरमध्ये. आमच्याकडे ते शक्य नाही. सासूबाई नैवेद्याचं दूध ज्या फ्रीजमध्ये ठेवतात त्यात झुरळ ठेवलं तर घराबाहेर आधी मी जाईन. अंडंसुद्धा येत नाही घरात.

म्हणून भाच्याने भटकर आहाराची कृती पाठवली. मध, अंडं, चायना ग्रास, जीवनसत्त्वाची कॅप्सूल. अंड्याच्या जागी मी मुलाच्या जिमच्या प्रोटीन पावडरचे तीन स्कूप घातले. वड्या छान पडल्या. जेलीत मध आहेच म्हणून साखरपाणी बंद केलं, नाहीतरी ते ज्या कापसात भिजवून ठेवायचे तो आंबूस वास मारत होता.

पहिले दोन दिवस झुंबड उडाली. मग ताटलीभोवती रव्याच्या कणाएवढ्या तपकिरी गोळ्या दिसायला लागल्या. साधारण पंधरवड्यानंतर रोज चार-पाच मेलेले, अंगणाच्या एकाच कोपऱ्यात नीट रचून ठेवलेले. अळ्या आहेत, पण महिनाभर तेवढ्याच. रोज पहाटे इथे दहाच्या आसपास तापमान असतं. थंडीने मरताहेत की माझ्या स्वयंपाकाने?

चहाबाज

गुळाला मुंगळे लागतात हे माहीत होतं, जिमला जाणारे पहिल्यांदाच ऐकले. वाचनखूण साठवतो.

वारूळवासी

मावशी, पावडरीच्या डब्यावर एका स्कूपला प्रथिनं किती लिहिली आहेत? आणि गोडीसाठी काय घातलंय? पाणी आणि मध मोजून घेतलं होतं का?

नाशिकची_मावशी

२४ ग्रॅम. सुक्रालोज. चॉकलेट फ्लेवर. पाणी अर्धा लिटर, मध कृतीतला तेवढाच, ६२ मिलि.

वारूळवासी

मग उत्तर तुमच्या डब्यावरच आहे.

ही कृती अविनाश भटकर आणि व्हिटकॉम्ब यांची, १९७० साली फ्लोरिडात छापलेली. (नाव आपल्याकडचं दिसल्यावर मलाही उगाच बरं वाटलं होतं.) अर्ध्या लिटर पाण्याला एक अंडं, ६२ मिलि मध, ५ ग्रॅम अगार म्हणजे चायना ग्रास आणि १ ग्रॅम जीवनसत्त्वं-खनिजं. एका अंड्यात प्रथिनं साधारण ६ ग्रॅम. तेवढ्या मधात साखर साधारण ७० ग्रॅम. म्हणजे साखर दहा-बारा पट. तुम्ही ६ च्या जागी ७२ घातलीत. कृती तीच राहिली, आहार उलटा झाला.

पूर्ण वाढलेला मुंगळा घन पदार्थ गिळतच नाही. त्याची कंबर बघा, दोऱ्याएवढी. तोंडात खालच्या बाजूला एक पिशवी असते, चोथा तिथे अडकतो, दाबून त्याची गोळी होते आणि तो ती बाहेर टाकतो. तुमचा रवा तोच. आत फक्त द्रव जातो, तोही आधी सामायिक पोटात. तिथून तोंडाला तोंड लावून एकमेकांना आणि अळ्यांना वाटला जातो. प्रथिनं लागतात मुख्यतः अळ्यांना वाढायला आणि राणीला अंडी घालायला. कामकरी स्वतः चालतो साखरेवर.

आता तुमच्याकडे काय झालं? थंडीने अळ्यांची वाढ मंदावली, म्हणजे प्रथिनांचं गिऱ्हाईक बसलं. साखरपाणी बंद, म्हणजे साखर हवी असेल तर जेलीच खायची, आणि जेलीतून साखरेइतकीच प्रथिनं गळ्याखाली उतरणार. फ्रान्समधल्या ऑड्री द्युसुतूर आणि सिडनीचे स्टीफन सिम्पसन यांनी २०१२ मध्ये हेच दाखवलं: प्रथिनं जास्त असलेल्या खाण्यावर कामकरी मुंग्या लवकर मरतात आणि वसाहत कोसळते. त्यांची मुंगी वेगळ्या जातीची होती, पण तुमचं वर्णन तंतोतंत जुळतं. सुक्रालोज हा आणखी एक वैताग. गोड लागलं तरी हाताशी ऊर्जा काही नाही.

शिवाय कॅम्पोनोटसच्या आतड्याच्या पेशींत ब्लॉकमानिया नावाचे जिवाणू राहतात, ते आवश्यक अमिनो आम्लं तयार करून देतात. म्हणून या मुंगळ्यांचं मांसावाचून इतर मुंग्यांइतकं अडत नाही. गावी गेलात तर चवळीच्या वेलाकडे बघा. शेंगांच्या देठाशी जो गोड रस पाझरतो तिथे हेच उभे असतात, नाहीतर मावा या किडीच्या गोड स्रावाच्या मागे. दिवसाचा बराच वेळ गोड गोळा करण्यात जातो.

आजच जेली काढा. एक भाग साखर, चार भाग पाणी, बाटलीच्या झाकणात कापूस घालून ठेवा आणि तो कापूस दर दोन-तीन दिवसांनी बदला. आंबूस वास आला म्हणून साखर बंद करायची नसते, कापूस बदलायचा असतो. साधं पाणी वेगळं ठेवा. पंधरा दिवस प्रथिनं अजिबात नकोत. घराचं एकच टोक राऊटरला टेकवून ठेवा, पूर्ण घर नको. ऊब हवी असेल तर अळ्या उचलून ते स्वतः तिकडे नेतील.

खाडीकाठचा

ताई, आमच्याकडे मालवणात मी सुका जवळा देतो. मीठ न लावलेला, तरी दोनदा धुऊन, कोमट पाण्यात भिजवून, एका वेळी दोनच. पण तुमच्या घरी वास सुटला की झुरळ परवडलं म्हणतील.

वारूळवासी

जवळा चांगला, पण नाशिकच्या त्या घरात नको. त्यापेक्षा केळ्याची साल बरणीत ठेवून चिलटं धरा, गरम पाण्यात टाका आणि मग द्या. ट्यूबलाइटखालचे पतंगही चालतील. गरम पाण्याने त्यांच्यावरचे बारीक कोळीकिडे मरतात, नाहीतर ते वसाहतीत शिरतात. बिल्डिंगमध्ये पेस्ट कंट्रोल झालं असेल तर घरातलं झुरळ मात्र कधीच नको. अंडं शेजाऱ्यांकडे उकडतं का? बलक, ज्वारीच्या दाण्याएवढा, आठवड्यातून एकदा. अळ्या वाढायला लागल्या की दोनदा. दुसऱ्या दिवशी उरलेला काढायचा, बुरशी येते.

नाशिकची_मावशी

तीन आठवड्यांनी लिहितेय, कारण लगेच लिहिलं असतं तर नजर लागली असती.

साखरपाणी ठेवलं त्या रात्री कापसाभोवती गोल करून बसले होते, जेवणाच्या पंगतीसारखे. पोटं एवढी फुगली की काळ्या कड्यांच्या मधे फिकट पट्टे दिसायला लागले. मग एकेक आत गेला आणि नळीच्या तोंडाशीच दुसऱ्याला पाजत उभा राहिला. मी भिंग घेऊन अर्धा तास तिथेच, इकडे कुकरच्या सात शिट्ट्या झाल्या.

मरणं पहिला आठवडा चालूच होती, मी घाबरले होते. आता चार दिवसांत एक. राऊटरकडच्या टोकाला सगळ्या अळ्या हलवल्यात. शेजारच्या वहिनी रविवारी बलक वाटीत घालून गॅलरीतून देतात, सासूबाईंना ते शेवंतीचं खत वाटतं. काल चार अळ्या स्पष्ट जाड झालेल्या दिसल्या.

एकच प्रश्न राहिला. चॉकलेट जेलीचा अर्धा ट्रे अजून पडून आहे. खरंच शेवंतीला घातली तर चालेल का, की बाहेरच्या मुंग्या येतील?

वारूळवासी

येतील.