बँकेतील अधिकारीपद सोडून शेतकरी कंपनीत जावे का?

प्रश्न : शाखा व्यवस्थापक, वाशिम जिल्हा

अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातून पदवी घेतल्यानंतर २०१४ साली मी एका सार्वजनिक बँकेत कृषी अधिकारी म्हणून रुजू झाले. पहिली काही वर्षे पीककर्जाची प्रकरणे, शेतपाहणी, बचत गटांची कर्जजोडणी आणि विहीर, मोटार, ठिबक यांसाठीची मुदत कर्जे हेच माझे काम होते. ज्या शेतकऱ्याचे प्रकरण मी करत असे, त्याच्या शेतात पुढच्या हंगामात काय उभे राहिले हे मला प्रत्यक्ष पाहता येत असे, आणि त्या कामाचा मला कधीच कंटाळा आला नाही.

आता मी शाखा व्यवस्थापक आहे. पगार आणि पद दोन्ही वाढले, परंतु दिवसाचा मोठा भाग विमा पॉलिसी, म्युच्युअल फंड आणि क्रेडिट कार्डांचे आकडे जमवण्यात, ते संध्याकाळच्या बैठकीत सांगण्यात आणि उरलेला थकीत खात्यांच्या मागे जातो. पीककर्जाचे नूतनीकरण करायला आलेल्या माणसाच्या गळ्यात त्याला नको असलेली पॉलिसी घालावी, असे कोणी लेखी देत नाही. ते तोंडी सांगितले जाते. मला ते करवत नाही, आणि न केल्यामुळे शाखेचा क्रमांक खाली राहतो. याचा परिणाम असा झाला आहे की मी आता शेतकऱ्यांशीही पूर्वीसारखी मोकळेपणाने बोलत नाही.

शेजारच्या तालुक्यातील एका शेतकरी उत्पादक कंपनीने (जिचे सभासद आणि मालक शेतकरीच असतात) मला मुख्य कार्यकारी अधिकारी म्हणून येण्याबद्दल विचारले आहे. सोयाबीन आणि तुरीची खरेदी, प्रतवारी आणि सोयाबीनचे बीजोत्पादन असे त्यांचे काम आहे. पगार माझ्या सध्याच्या पगाराच्या जेमतेम एक तृतीयांश असेल. माझे पती अनुदानित कनिष्ठ महाविद्यालयात शिक्षक आहेत, मुलगी सहावीत आहे आणि घरासाठी कर्मचारी दराचे कर्ज चालू आहे. माझ्या मनाची ही अवस्था कामामुळे आहे की केवळ थकव्यामुळे, हे कसे ओळखावे? आणि राजीनामा देण्यापूर्वी कोणत्या गोष्टी तपासून घ्याव्यात? या वाटेने गेलेल्यांनी किंवा विचारपूर्वक न गेलेल्यांनी लिहावे, ही विनंती.

उत्तर : निवृत्त बँक अधिकारी, सांगली

ताई, माझी बहुतेक सेवा ग्रामीण शाखांत झाली, त्यामुळे तुमची घालमेल मला चांगली समजते. मनाचे इतर जाणकार सांगतील; मी फक्त व्यवहाराचे लिहितो, कारण राजीनाम्याच्या वेळी अनेकांना या गोष्टी उशिरा कळतात.

तुम्ही १ एप्रिल २०१० नंतर रुजू झालेल्या असल्यामुळे तुम्हाला जुनी पेन्शन नाही, तुमचे खाते राष्ट्रीय पेन्शन योजनेत आहे. नोकरी सोडली तरी हे खाते बंद करावे लागत नाही, प्रान क्रमांक (या योजनेतील तुमचा कायमचा खातेक्रमांक) तोच राहतो आणि पुढे स्वतः वर्गणी भरता येते. मुदतीपूर्वी बाहेर पडल्यास जमा रकमेचा मोठा हिस्सा वार्षिकी (पेन्शनसारखे नियमित उत्पन्न देणारी योजना) घेण्यातच घालावा लागतो, म्हणून त्या रकमेला हात न लावणे उत्तम. ग्रॅच्युइटी पाच वर्षांच्या सलग सेवेनंतर राजीनाम्यातही मिळते. कायद्याप्रमाणे शेवटचे मूळ वेतन आणि महागाई भत्ता यांच्या बेरजेला १५ ने गुणून २६ ने भागायचे आणि सेवेच्या वर्षांनी गुणायचे. हक्करजेचे रोखीकरण मात्र राजीनाम्यात निवृत्तीइतके मिळत नाही, त्यामुळे शिल्लक रजेचा हिशेब आधी करून ठेवा.

सगळ्यात मोठा प्रश्न घरकर्जाचा आहे. कर्मचारी दराचे कर्ज राजीनाम्यानंतर सामान्यतः त्याच अटींवर चालू ठेवता येत नाही; ते फेडावे लागते किंवा सर्वसाधारण ग्राहकांच्या दराने वळवावे लागते. नवा हप्ता किती होईल, हे आजच काढा आणि तो तुमच्या पतींच्या पगारातून भरून घर चालते का, ते कागदावर मांडा. बँकेचा गट आरोग्य विमाही नोकरीबरोबर संपतो. स्वतंत्र पॉलिसीत आधीपासूनच्या आजारांसाठी कमाल तीन वर्षांचा प्रतीक्षाकाळ असू शकतो, म्हणून नोकरीत असतानाच कुटुंबाची स्वतंत्र पॉलिसी सुरू करावी, असे मी आग्रहाने सांगेन.

अधिकाऱ्याला राजीनाम्यासाठी तीन महिन्यांची सूचना द्यावी लागते. आणि एक गोष्ट अगदी स्पष्ट सांगतो : नोकरीत असताना परवानगीशिवाय त्या कंपनीचे काम, पगारी असो वा बिनपगारी, स्वीकारू नका. आचरण नियमांत ते बसत नाही आणि राजीनामा मंजूर होण्याच्या वेळी ते अंगाशी येऊ शकते.

उत्तर : शेतकरी उत्पादक कंपनीचे मुख्य कार्यकारी अधिकारी, लातूर

मी खासगी क्षेत्रातील नोकरी सोडून या कामात आलो आणि आजही इथेच आहे, त्यामुळे तुम्ही या वाटेला यावे असे मला मनापासून वाटते. तरीही ज्या गोष्टी मुलाखतीत कोणी सांगत नाही, त्या मी सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट पगाराची. केंद्र सरकारने २०२० साली सुरू केलेल्या दहा हजार शेतकरी उत्पादक संघटनांच्या योजनेत प्रत्येक संघटनेला तीन वर्षांसाठी कमाल १८ लाख रुपयांचे व्यवस्थापन साहाय्य मिळते, आणि व्यवस्थापकाचा पगार बहुधा त्यातूनच निघतो. तुमची कंपनी या योजनेतील असेल, तर तिचे कितवे वर्ष चालू आहे, हे विचारा. तिसरे वर्ष संपत आले असेल, तर पुढचा पगार कंपनीच्या स्वतःच्या नफ्यातून द्यावा लागणार आहे, आणि तो नफा आहे का, हे ताळेबंद पाहूनच कळेल. तुम्ही बँकेत शेकडो ताळेबंद वाचले असतील. हा एक तितक्याच कठोरपणे वाचा. तीन वर्षांची लेखापरीक्षित पत्रके, कंपनी निबंधकाकडे भरलेली वार्षिक विवरणे, सभासदांकडून प्रत्यक्ष जमा झालेले भागभांडवल आणि खरेदीत सहभागी होणाऱ्या सभासदांची संख्या मागून घ्या. सभासद यादीत पाचशे नावे असतात आणि माल घेऊन साठजण येतात, अशा कंपन्या आपल्याकडे पुष्कळ आहेत.

दुसरी गोष्ट खेळत्या भांडवलाची, आणि इथेच बहुतेक कंपन्या अडतात. ऑक्टोबरमध्ये सोयाबीन निघाले की शेतकऱ्याला पैसे त्याच आठवड्यात हवे असतात, कारण दिवाळी तोंडावर असते आणि रब्बीची पेरणी थांबवता येत नाही. व्यापारी रोख देतो. कंपनीला प्रक्रिया उद्योगाकडून पैसे यायला वेळ लागतो. हमीभावाच्या खरेदीचे केंद्र मिळाले तरी एरवी १२ टक्क्यांपेक्षा जास्त ओलावा असलेला माल परत पाठवावा लागतो, आणि परत पाठवलेला माणूस त्या दिवशी तुमच्याच नावाने बोलतो. कंपनीचा चेहरा तुम्ही असता. संचालक गावातलेच असतात, त्यांनाही नातेवाइकांचा माल नाकारणे अवघड जाते. या प्रसंगी संचालक मंडळ तुमच्या पाठीशी उभे राहील का, हे जाणून घेण्यासाठी मागच्या हंगामात कोणाचा माल नाकारला आणि नंतर काय झाले, एवढे विचारा. उत्तरावरून बरेच काही कळते.

बीजोत्पादनाचे काम तुमच्या शिक्षणाला साजेसे आहे. सोयाबीनच्या बियाण्याला किमान ७० टक्के उगवण लागते, आणि या बियाण्याचे कवच नाजूक असल्यामुळे मळणी यंत्राचा वेग, साठवणुकीतील थप्पीची उंची, हाताळणी यांवर सगळे अवलंबून असते. ज्या वर्षी काढणीच्या वेळी पाऊस होतो त्या वर्षी संपूर्ण लॉट नापास होऊ शकतो. या जोखमीची तरतूद कंपनीने केली आहे का, तेही पाहा.

आता जे मिळते ते सांगतो. आमच्या कंपनीने स्वच्छता आणि प्रतवारीचे यंत्र बसवल्यावर सभासदांना आपल्या मालातली माती, काडीकचरा आणि फुटके दाणे वेगळे होताना समोर दिसू लागले. त्यापूर्वी बाजारात व्यापारी मुठीत दाणे घेऊन कटती (वजनातील किंवा भावातील कपात) सांगायचा आणि शेतकरी मान डोलवायचा. आता आमचे सभासद बाजार समितीतही ओलावामापकाचा आकडा दाखवा, असे म्हणतात. हा बदल घडताना पाहणे आणि त्यात आपला हात असणे, याचे मोल मला पगाराच्या तुलनेत कधीच कमी वाटलेले नाही. तुमच्यासारखी, कर्जाचा प्रस्ताव आतून जाणणारी व्यक्ती कोणत्याही कंपनीला फार मोठा आधार ठरेल. शेतकरी कंपन्यांच्या दोन कोटी रुपयांपर्यंतच्या कर्जाला केंद्राची पतहमी (कर्ज बुडाल्यास बँकेला भरपाईची हमी) उपलब्ध आहे, तरीही प्रस्ताव नीट बांधता न आल्यामुळे कित्येक कंपन्या तिथपर्यंत पोहोचतच नाहीत.

उत्तर : व्यवस्थापनशास्त्राच्या प्राध्यापिका, पुणे

काम की थकवा, हा आपला पहिला प्रश्न कोणी नीट घेतलेला दिसला नाही, म्हणून लिहिते. फ्रेडरिक हर्झबर्ग या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यांसह पिट्सबर्ग परिसरातील सुमारे दोनशे अभियंते आणि लेखापाल यांच्या मुलाखतींवर आधारलेला अभ्यास १९५९ साली प्रसिद्ध केला. त्यांना असे आढळले की माणसे ज्या गोष्टींमुळे नाराज होतात आणि ज्या गोष्टींमुळे समाधानी होतात, त्या बऱ्याच अंशी निरनिराळ्या असतात. धोरणे, वरिष्ठांची वागणूक, पगार, कामाची परिस्थिती यांमुळे नाराजी येते; परंतु त्या सुधारल्या म्हणून समाधान येतेच असे नाही. समाधान येते ते काम तडीस गेल्याच्या जाणिवेतून, जबाबदारीतून आणि प्रत्यक्ष कामातून. या अभ्यासाच्या पद्धतीवर पुढे पुष्कळ टीका झाली, तरी स्वतःची तपासणी करताना हा भेद फार उपयोगी पडतो.

आपल्या लिखाणात दोन्ही आहे. विक्रीचा दबाव आणि संध्याकाळच्या बैठका हा नाराजीचा भाग आहे. तो वरिष्ठ बदलल्यावर किंवा बदली झाल्यावर कमीजास्त होऊ शकतो. पण पुढच्या हंगामात शेतात काय उभे राहिले ते पाहता येत असे, हे आपण लिहिले आहे, आणि तिथे मला खरे उत्तर दिसते. हॅकमन आणि ओल्डहॅम यांनी १९७० च्या दशकात कामाची जी पाच वैशिष्ट्ये मांडली, त्यांत एखादे काम आरंभापासून शेवटापर्यंत आपल्या हातून होणे आणि त्याचा इतरांच्या आयुष्यावर परिणाम होणे, या दोहोंना महत्त्वाचे स्थान आहे. कृषी अधिकारी असताना आपल्याकडे दोन्ही होते. बढतीने ते काढून घेतले.

थकवा ओळखण्याचा एक साधा मार्ग आहे. सलग मोठी रजा घ्या आणि परतल्यावर पहिल्याच आठवड्यात एखाद्या पीककर्जाच्या प्रकरणासाठी स्वतः शेतावर जा. तिथे मन लागले आणि शाखेत परतल्यावर पुन्हा तोच जडपणा आला, तर तो थकवा नाही. शेतावरही मन लागले नाही, तर आधी विश्रांती आणि गरज वाटल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्या, आणि तोपर्यंत कोणताही निर्णय घेऊ नका. अतिशय थकलेल्या अवस्थेत नवी नोकरी स्वीकारणाऱ्याला तीही लवकरच ओझे वाटू लागते.

उत्तर : ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेच्या संचालक, विदर्भ

मीही बँक अधिकारी आहे, आणि शाखेचे काम असह्य झाले तेव्हा राजीनाम्याऐवजी या पदासाठी इच्छा कळवली. जिल्ह्याच्या अग्रणी बँकेकडून (जिल्ह्यातील बँकांच्या कामाचा समन्वय करणाऱ्या बँकेकडून) चालवल्या जाणाऱ्या या संस्थांत संचालकपदी बँकेचा अधिकारी प्रतिनियुक्तीवर येतो. कर्नाटकातील उजिरे येथे १९८२ साली सुरू झालेल्या संस्थेच्या नमुन्यावर त्या उभ्या राहिल्या आहेत. ग्रामीण तरुण आणि बचत गटांतील महिलांना इथे निवासी प्रशिक्षण विनामूल्य मिळते, आणि त्यानंतर दोन वर्षे त्यांचा पाठपुरावा करावा लागतो. हा पाठपुरावाच मला सर्वाधिक आवडतो, कारण शेळीपालन किंवा शिवणकाम शिकून गेलेल्या बाईचा व्यवसाय उभा राहिला की नाही, हे तिच्या दारात जाऊन पाहता येते.

मी आपल्याला थांबवण्यासाठी हे लिहीत नाही. शाखा आणि राजीनामा यांच्या मध्येही जागा आहेत : अग्रणी जिल्हा व्यवस्थापकाचे कार्यालय, आर्थिक साक्षरता केंद्र, बँकेचा कृषी कर्ज विभाग. अनेक अधिकारी या जागा टाळतात, कारण बढतीच्या दृष्टीने त्या बाजूला पडल्यासारख्या समजल्या जातात. ज्याला ते काम हवे आहे, त्याला त्यामुळेच त्या मिळण्याची शक्यता असते. मात्र प्रतिनियुक्ती संपल्यावर पुन्हा शाखेत जावे लागेल, आणि तो दिवस मलाही लांब नाही.

मूळ प्रश्नकर्ती

सर्वांचे मनःपूर्वक आभार. घरकर्जाचा नवा हप्ता काढला. पतींच्या पगारातून तो भरता येतो, पण मग बचत जवळपास उरत नाही. लातूरच्या सरांना विचारायचे आहे : कंपनी योजनेच्या दुसऱ्या वर्षात आहे आणि तीन वर्षांची पत्रके द्यायला तयार आहे. मागच्या हंगामात माल नाकारल्याबद्दल अध्यक्षांना विचारले, तेव्हा त्यांनी स्वतःच्या चुलत भावाचे पोते परत पाठवल्याचे सांगितले. रुजू होण्यासाठी त्यांना मी जूनमध्ये हवी आहे. हे योग्य ठरेल का?

लातूरहून उत्तर

अध्यक्षांचे उत्तर चांगले आहे, पण त्या चुलत भावालाही एकदा भेटा. जूनमध्ये रुजू झालात तर पेरणीपासून सभासदांची ओळख होईल आणि बीजोत्पादनाच्या प्लॉटची नोंदणी तुमच्या हातून होईल, म्हणून वेळ योग्य आहे. त्यासाठी सूचनापत्र फेब्रुवारीच्या अखेरीपर्यंत द्यावे लागेल, कारण मार्चअखेरच्या गडबडीत त्यावर कोणी सही करणार नाही. त्याआधी नियुक्तीपत्रात तिसऱ्या वर्षानंतरचा पगार कोठून दिला जाईल, हे संचालक मंडळाच्या ठरावासह लिहून घ्या. ठरावाची प्रत हातात येईपर्यंत राजीनाम्याचा कागद टेबलावर ठेवू नका.