किंग आणि कॅलिफोर्निया किंग : गादीच्या मोठ्या मापांत नेमका फरक काय?

अर्धीझोप : नमस्कार. आम्ही पलंग आणि गादी एकत्रच घेणार आहोत. सध्याची ६० बाय ८० इंचांची क्वीन गादी आम्हा दोघांना पुरत असे. परंतु आता मुलगी मध्यरात्री उठून आमच्यामध्ये येऊन झोपते. शिवाय माझ्या पतीची उंची सहा फूट तीन इंच आहे. किंग आणि कॅलिफोर्निया किंग यांपैकी दुसरी नावावरून मोठी वाटते, म्हणून तीच घ्यावी असा विचार आहे. पलंगाच्या उशापासून समोरच्या भिंतीपर्यंत खोली ११ फूट असून त्या भिंतीला लागून दोन फूट खोल कपाट आहे. त्याचे प्रत्येक दार २२ इंच रुंद आहे.

मोजपट्टी : कॅलिफोर्निया किंग मोठी नाही, लांब आहे. अमेरिकी मापांनुसार किंग ७६ बाय ८० इंच आणि कॅलिफोर्निया किंग ७२ बाय ८४ इंच असते. गुणाकार केल्यास पहिलीचे क्षेत्रफळ ६०८० आणि दुसरीचे ६०४८ चौरस इंच भरते, म्हणजे जिचे नाव भारदस्त तीच किंचित लहान. रुंदीतले चार इंच काढून लांबीला जोडले आहेत, एवढाच काय तो प्रकार.

आता कपाटाकडे पाहू. ११ फूट म्हणजे १३२ इंच. त्यातून कपाटाचे २४ वजा केल्यास १०८ उरतात. उशाकडची फळी आणि पलंगाची चौकट मिळून चार इंच धरले, तर किंगच्या पायथ्याशी २४ इंच मोकळे राहतात आणि कॅलिफोर्निया किंगच्या पायथ्याशी २०. आपले २२ इंचांचे दार पहिल्या पलंगासमोर पूर्ण उघडेल. दुसऱ्यासमोर ते पलंगाला अडेल. तिघांच्या झोपेसाठीही रुंदीच कामाला येते. त्यामुळे माझे मत किंगच्या बाजूने आहे.

लांबटांग : रुंदीचा मुद्दा मान्य आहे; मात्र उंच माणसाची अडचण इतक्या सहज निकालात काढू नये. सहा फूट तीन इंच म्हणजे ७५ इंच, त्यामुळे ८० इंचांच्या गादीवर कागदोपत्री पाच इंच शिल्लक दिसतात. प्रत्यक्षात उशी फळीला अगदी टेकत नाही, झोपेत माणूस खाली सरकतो, आणि पालथे झोपणाऱ्याचे पाऊल ताणले गेल्यामुळे आणखी जागा लागते. किंगच घ्यायची असेल, तर पायथ्याला उभी फळी नसलेला पलंग निवडावा. पाय थोडे बाहेर गेले तरी ते लाकडावर आपटत नाहीत, आणि कपाटाचे दार उघडल्यावर उरणारे दोन इंचही वाचतात.

चादरवाली : एक व्यावहारिक सूचना. कोपऱ्यांना इलास्टिक असलेली किंगची चादर कॅलिफोर्निया किंगला चालत नाही. ती रुंदीला चार इंच सैल पडते आणि लांबीला चार इंच अपुरी ठरते. गादीची जाडीही चादर घेताना पाहावी. तसेच नावावर विसंबून ऑनलाइन मागणी नोंदवू नये : ब्रिटनमध्ये जिला ‘किंग’ म्हणतात ती १५० बाय २०० सेंटीमीटरची, म्हणजे रुंदीने जवळजवळ तुमच्या आताच्या क्वीनएवढीच असते. तेथील ‘सुपर किंग’ १८० बाय २०० सेंटीमीटरची असते.

अर्धीझोप : सर्वांचे आभार. दाराचा हिशेब माझ्या लक्षातच आला नव्हता. ३८ बाय ८०च्या दोन गाद्या शेजारी ठेवून किंग करता येते, असेही वाचले. जिना अरुंद असल्यामुळे तो पर्याय बरा वाटतो.

मोजपट्टी : माप बरोबर जुळते, जिन्यातून नेणेही सोपे जाते, आणि एकाने कूस बदलल्याचा धक्का दुसऱ्याला कमी जाणवतो. पण दोन गाद्यांमधली फट नेमकी तुमच्या मुलीच्या पाठीखाली येईल. त्यावर एकसंध जाड टॉपर, म्हणजे गादीवर घालायचा मऊ थर, अंथरणार असाल तरच हा पर्याय घ्यावा.