ट्रॅकिंगवर 'डिलिव्हर्ड', घरी काहीच नाही. ग्रास कटरचे पैसे परत कसे मिळवायचे?

कलमवाला_देवगड
नमस्कार मंडळी, जरा घाई आहे म्हणून सरळ मुद्द्यावर येतो. जूनच्या सुरुवातीला एका मोठ्या ऑनलाइन साइटवरून पेट्रोलवर चालणारा ग्रास कटर मागवला होता, ८,४९९ रुपये, पैसे आधीच डेबिट कार्डाने भरलेले. सेलर दिल्लीकडचा कोणीतरी आहे. ट्रॅकिंगवर माल कोल्हापूर, मग कणकवली असं सगळं व्यवस्थित दिसत होतं, आम्ही म्हटलं घाटात दरड बिरड पडली असेल म्हणून उशीर होतोय, आणि एक दिवस एकदम 'डिलिव्हर्ड' असा मेसेज. फोन नाही, ओटीपी नाही, काही नाही. तिठ्यावरच्या दुकानात लोकांची पार्सलं ठेवून जातात तिथे विचारलं, शेजारी विचारलं, कोणाकडेच नाही.

साइटच्या कस्टमर केअरला फोन केला तर म्हणतात आमच्या सिस्टिमला डिलिव्हर्ड दिसतंय, तुम्ही सेलरशी बोला. सेलर म्हणतो कुरियरवाल्याशी बोला. कुरियरवाला म्हणतो तक्रार पाठवणाऱ्याने करायची असते. आता कालपासून सेलरचं नवीन चालू झालंय, सर आप कंप्लेंट क्लोज कर दो, मैं नया पीस आज ही डिस्पॅच करता हूं. साइटवर 'वस्तू मिळाली नाही' असं क्लेम करायची मुदत याच आठवड्यात संपतेय असं दिसतंय. इथे बागेत गवत कमरेएवढं झालंय, गडी मिळत नाही आणि मिळाला तर मजुरी ऐकून आपणच खाली बसायचं. काय करू सांगा. सेलरवर विश्वास ठेवून थांबू की क्लेम टाकू?

खाडीपलीकडचो
अरे बाबा, पयली गोष्ट, ती कंप्लेंट क्लोज करू नको. सेलर सांगता तसा केलस तर गेलस. ह्यांका म्हायत असता की एकदा मुदत संपली की तुका कोण विचारूचो नाय. आमच्या चेडवासाठी मिक्सर मागवल्लो तेवा असोच एकजण 'सर, सर' करीत गोड बोलत रवलो, आज धाडतंय, उद्या धाडतंय, आणि मग फोन उचलूचोच बंद. आजच क्लेम टाक, मगे बाकीचा बघूया.

निवृत्त_टपाल
वरच्यांचं बरोबर आहे. आता माझ्या अनुभवातलं एक सांगतो, आयुष्य टपाल खात्यात गेलंय. 'डिलिव्हर्ड' दिसतंय म्हणजे बहुतेक काहीतरी कुठेतरी पोचलेलं आहे. प्रश्न एवढाच की काय पोचलं आणि कोणाकडे. स्पीड पोस्टने आलं असतं तर तेरा अक्षरांचा नंबर घेऊन मी तुम्हाला सरळ सब ऑफिसला पाठवलं असतं, तिथे कुठल्या ब्रँच ऑफिसला गेलं, कोणत्या डाकसेवकाने दिलं ते कळतं. एका पिनकोडात किती गावं आणि वाड्या असतात ते आपल्याला माहीत आहे. खाजगी कुरियर असेल तर त्यांच्या देवगड किंवा कणकवलीच्या ऑफिसात स्वतः जा, फोनवर कोणी काही सांगत नाही. दोनच गोष्टी विचारा. पीओडीवर, म्हणजे माल पोचवल्याच्या पावतीवर, सही कोणाची आहे, आणि पार्सलचं वजन किती नोंदवलंय. वजन विसरू नका, बाकी काही नाही मिळालं तरी चालेल.

कलमवाला_देवगड
काका, तुमचे पाय धरले पाहिजेत. आज भर पावसात जाऊन आलो. कुरियरचा पोरगा ओळखीचा निघाला, त्याने त्याच्या मोबाइलवर दाखवलं. वजन ३५० ग्रॅम! आणि सही भलत्याच माणसाची, आमच्याच पिनकोडातल्या दुसऱ्या गावातला कोणीतरी. पोरगा म्हणाला त्या पार्सलवर तुमचं नाव आणि पत्ता नव्हताच, माझी काय चूक. नाव काय ते मात्र सांगितलं नाही आणि मीही जास्त ताणलं नाही. कटर सात-आठ किलोचा तरी असतो, ३५० ग्रॅममध्ये त्याचं ब्लेड पण येणार नाही. म्हणजे सेलरने दुसऱ्याच कोणालातरी काहीतरी फुटकळ पाठवलं आणि तो ट्रॅकिंग नंबर माझ्या ऑर्डरला चिकटवला?

निवृत्त_टपाल
बरोबर ओळखलंत. नंबर खरा, पिनकोड खरा, शिक्का 'डिलिव्हर्ड'. साइटचं कॉम्प्युटर एवढंच बघतं. कुरियरच्या पोराला दोष देऊ नका, त्याने त्याचं काम केलंय.

कणकवलीची_ताई
मी ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान चालवते, चतुर्थीच्या आधी अशी चार-पाच माणसं तरी दुकानात येतातच, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते, कंटाळू नका.

सेलरशी बोलणं पूर्ण बंद. त्याला काही सांगायचं असेल तर साइटच्या चॅटमध्येच, व्हॉट्सॅपवर नाही, कारण बाहेर झालेलं बोलणं साइट धरत नाही. त्याने 'कंप्लेंट क्लोज करा' लिहिलंय ना, त्याचा स्क्रीनशॉट आधी काढून ठेवा, तोच तुमचा पुरावा.

आता क्लेम टाकताना लोक काय करतात, दोन पानं रडगाणं लिहितात की मी गरीब शेतकरी आहे, मला फार त्रास झाला. ते कोणी वाचत नाही हो. चार ओळी पुरतात. उदाहरणार्थ असं लिहा: "ऑर्डर नंबर अमुक. इनव्हॉइसप्रमाणे वस्तू पेट्रोल ग्रास कटर. कुरियरच्या नोंदीत या ट्रॅकिंग नंबरच्या पार्सलचं वजन ३५० ग्रॅम आहे आणि डिलिव्हरी माझ्या पत्त्यावर, माझ्या नावाने झालेली नाही. पीओडीची प्रत कुरियरकडून मागवून मला पाठवावी. मला दुसरा पीस नको, पूर्ण रक्कम परत हवी." संपलं. पीओडी त्यांनी मागवायची, तुम्ही नाही. प्रत्येक फोनला, प्रत्येक चॅटला तक्रार नंबर मागून घ्या.

यावरही 'सिस्टिममध्ये डिलिव्हर्ड आहे' हीच टेप वाजली तर कस्टमर केअर सोडून द्यायचं आणि साइटच्या ग्रिव्हन्स ऑफिसरला, म्हणजे तक्रार निवारण अधिकाऱ्याला, मेल करायचा. त्याचं नाव आणि मेल साइटवर अगदी तळाला बारीक अक्षरात असतं. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्याने ४८ तासांत तक्रार मिळाल्याची पोच द्यायची आणि एका महिन्यात निकाल लावायचा असतो. आणि 'आम्ही फक्त मध्यस्थ, सेलर वेगळा' असं म्हणाले तर त्याच मेलमध्ये सेलरचा पूर्ण पत्ता आणि संपर्क लेखी मागा, खरेदी केलेल्या ग्राहकाने मागितला तर तो त्यांना द्यावा लागतो. हे वाक्य मेलमध्ये दिसलं की समोरच्याची भाषा बदलते, हे मी दुकानात बसून बघितलंय.

गुगलवर कस्टमर केअरचा नंबर शोधू नका कृपा करून! तिथे खोटे नंबर असतात, ते रिफंड देतो सांगून स्क्रीन शेअर करणारं अ‍ॅप टाकायला लावतात आणि खातं साफ करतात. नंबर फक्त साइटच्या अ‍ॅपमधूनच घ्या.

दापोलीकर_७
एवढं मेल बिल कशाला, सरळ पोलिसात जायचं ना. फसवणूक आहे म्हटल्यावर फसवणूक. एक एफआयआर पडला की सगळे सुतासारखे सरळ.

कणकवलीची_ताई
दादा, पोलिसात जाऊ नका असं मी म्हणत नाही, पण पैसे आत्ता साइटच्या हातात आहेत, क्लेमची मुदत चालू आहे, आधी तिथून निघतात का बघायचं. पोलीस स्टेशनला पहिला प्रश्न हाच येतो की कंपनीने काय उत्तर दिलं. ते उत्तर तरी हातात हवं ना.

वेंगुर्ल्याची_माई
मध्येच विचारते, राग मानू नका. माझं थोडं वेगळं आहे. मोबाइलवर जाहिरात आली, घरघंटी १,९९९ रुपयांत. क्यूआर कोड पाठवला, त्यावर कोणा माणसाचं नाव येत होतं, कंपनीचं नाही. पैसे परवा भरले. आता म्हणतात जीएसटी डिपॉझिटचे आणखी १,२०० भरा, माल आला की परत मिळतील. भरू का?

निवृत्त_टपाल
माई, एक पैसाही भरू नका.

कणकवलीची_ताई
माई, तुमचं प्रकरण आणि यांचं प्रकरण एक नाही. यांच्या मागे साइट उभी आहे, तिला पकडता येतं. तुमच्याकडे नुसतं जाहिरात आणि कोणाचंतरी खातं. इथे दापोलीकर म्हणतात तेच खरं. आत्ता, हे वाचून झाल्यावर लगेच, १९३० ला फोन लावा, सायबर फसवणुकीचा नंबर आहे तो. यूपीआय व्यवहाराचा नंबर हाताशी ठेवा. पैसे त्या खात्यात अजून असतील तर अडवता येतात, पुढे फिरवले की कठीण. आपल्या बँकेतही लेखी कळवा. आणि १,९९९ मध्ये घरघंटी कुठे मिळते हो, कुडाळच्या बाजारात किंमत विचारून बघा एकदा.

वेंगुर्ल्याची_माई
लावला फोन. तक्रार नोंदवून घेतली. आता सायबर क्राइमच्या वेबसाइटवर पण पूर्ण तक्रार भरायला सांगितलंय, उद्या पुतण्याकडून भरून घेते. त्या माणसाचे मेसेज अजून चालूच आहेत, वर मलाच म्हणतो आंटी जल्दी करो, गाडी निकल गई है.

मुरुडचा_भाऊ
म्हणून सांगतो, गावातल्या दुकानातून घ्या. दोनशे रुपये जास्त गेले तर गेले, दुकानदार कुठे पळून जात नाही.

कलमवाला_देवगड
भाऊ, दोनशे नाही, अडीच हजारांचा फरक होता. आणि दुकानात हवा तो मॉडेल नव्हता, 'मागवून देतो' म्हणाला, तो पण तिथूनच मागवणार.

बरं, पुढचं सांगतो. ताईंच्या चार ओळी जशाच्या तशा टाकून क्लेम केला. पहिल्यांदा नाकारला, कारण काय तर 'शिपमेंट डिलिव्हर्ड अ‍ॅज पर रेकॉर्ड'. मग ग्रिव्हन्स ऑफिसरला मेल केला, वजनाचं पहिल्याच ओळीत टाकलं. पोच आली. पण पुढे काहीच हलत नाहीये. आता थांबायचं की बँकेत जायचं? कार्डाने भरलेत म्हणून विचारतो.

बँकेतला_मालवणी
मी बँकेत आहे (कुठल्या ते विचारू नका). कार्डाने पैसे भरून वस्तू मिळाली नाही तर डिस्प्यूट टाकता येतो, त्याला चार्जबॅक म्हणतात, डेबिट कार्डालाही चालतं. शाखेत तोंडी सांगून उपयोग नाही, फॉर्म भरा, सोबत इनव्हॉइस, ट्रॅकिंगचा स्क्रीनशॉट, साइटने नाकारल्याचा मेल जोडा आणि पोच घ्या. काउंटरवर 'तुम्हीच पिन टाकलाय ना, मग आम्ही काय करणार' असं कोणी म्हणालं तर सांगा की व्यवहार मीच केला, पण माल मिळाला नाही, असा डिस्प्यूट आहे. 'व्यवहार मी केलाच नाही' आणि 'माल मिळाला नाही' हे दोन वेगळे प्रकार आहेत आणि आमच्याच लोकांची त्यात गल्लत होते. यालाही मुदत असते, त्यामुळे साइटची वाट बघत बसू नका. बँकेने ३० दिवसांत उत्तरच दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, फुकट.

फक्त एक, साइटकडून पैसे आले तर बँकेला लगेच कळवा, दोन्हीकडून घ्यायला जाऊ नका. आणि कोणी ईएमआयवर वस्तू घेतली असेल तर 'माल आला नाही' म्हणून रागाने हप्ता थांबवू नका, बँकेच्या लेखी तो थकलेलाच धरतात.

यूपीआयने दिलेल्या पैशांना हे एवढं सोपं नाही, म्हणून मी स्वतः मोठी खरेदी कार्डाने किंवा घरी आल्यावर पैसे देऊन करतो.

ओरोसची_वकीलबाई
उशिरा बघितलं. बँकेच्या जोडीला १९१५ वर पण तक्रार टाका, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, मराठीत बोलता येतं. ते कोर्ट नाही, हुकूम देत नाहीत, पण तुमची तक्रार कंपनीकडे पाठवतात आणि मोठ्या कंपन्या तिथून आलेल्या तक्रारीला उत्तर देतात असा माझा तरी अनुभव आहे.

तिथेही नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यापासून आपण राहतो त्या जिल्ह्यात केस टाकता येते, सेलर दिल्लीचा असला तरी तुम्ही दिल्लीला जायचं नाही. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते, वकील लावलाच पाहिजे असंही नाही (हे मी सांगतेय म्हणजे बघा!). केसमध्ये साइट आणि सेलर दोघांनाही पार्टी (सामनेवाले) करा, एकट्या सेलरला करून नोटीस परत येत बसते. मुदत दोन वर्षांची आहे, पण त्यावर झोपू नका.

कलमवाला_देवगड
मंडळी, पैसे आले!! बँकेत फॉर्म दिला, १९१५ ला तक्रार टाकली आणि त्यानंतर साइटवाल्यांचा स्वतःहून फोन, एकदम साहेब साहेब. म्हणे 'तपासणीत वजनात तफावत आढळली'. मी तेच तर पहिल्यापासून सांगत होतो. पूर्ण ८,४९९ खात्यात जमा झाले, बँकेला कळवून डिस्प्यूट मागे घेतला. सेलरचं दुकान मात्र साइटवर अजून चालूच दिसतंय, त्याचं काय करायचं?

ओरोसची_वकीलबाई
त्याच तक्रार नंबरवर साइटला एक मेल टाका की या सेलरवर काय कारवाई केली ते लेखी कळवा. आणि त्याच्या पानावर रिव्ह्यू लिहा, शिव्या न घालता, फक्त वजनाचा आकडा आणि काय झालं ते. पुढचा घेणारा तेवढं वाचतो. त्रासाची भरपाई हवी असेल तर आयोगाचा रस्ता अजून उघडा आहे, पाऊस कमी झाला की ठरवा.

कलमवाला_देवगड
रिव्ह्यू टाकला. भरपाईचं बघू, आता आधी गवत. कुडाळ-कणकवलीत ग्रास कटरची सर्व्हिस कोण चांगली देतं, फोर स्ट्रोक घेऊ की टू स्ट्रोक?

खाडीपलीकडचो
त्येचो येगळो धागो काढ रे, हयसर सुरू झाला तर शंभर उत्तरा येतली. आणि फोर स्ट्रोक घे.