जिना चढल्यावर लागणारा दम, आणि पलंगावर झोपवून केलेल्या तपासण्या

इकोवाला

ओपीडीत वरचेवर येणारी केस. साठीच्या बाई, वजन जास्त, बीपी आणि शुगरच्या गोळ्या चालू. दोन जिने चढल्या की दम लागतो, मध्ये थांबावं लागतं. ईसीजी ठीक, एक्स-रे स्वच्छ, टू-डी एकोवर ईएफ (दर ठोक्याला हृदय किती टक्के रक्त बाहेर टाकतं ते) ६० टक्के, म्हणजे नॉर्मल. 'हार्ट उत्तम आहे, वजन कमी करा' असं सांगून बाईंना घरी पाठवतात. दम काही जात नाही.

तक्रार जिन्यावरची, आणि तपासण्या सगळ्या पलंगावर झोपवून! यातल्या बऱ्याच जणांचं हृदय आकुंचन पावतं छान, पण सैल पडताना ताठर असतं. हाही हार्ट फेल्युअरचाच एक प्रकार. बसल्या जागी निभावतं. चालायला लागलं की डाव्या बाजूचा दाब चढतो, तो मागे फुप्फुसांवर येतो आणि तिथे पाणी झिरपायला लागतं. याचा पक्का पुरावा हवा असेल तर हृदयाच्या उजव्या बाजूने कॅथेटर (बारीक नळी) घालून पेशंटला सायकल मारायला लावायची आणि वेज प्रेशर (डाव्या बाजूच्या दाबाचा अंदाज देणारं माप) २५ च्या वर जातं का ते बघायचं. जिल्ह्याच्या गावात हे कोण करणार?

म्हणून माझं म्हणणं: व्यायामाच्या आधी आणि व्यायाम थांबल्या थांबल्या छातीवर सोनोग्राफीचा प्रोब ठेवा. निरोगी फुप्फुसात हवा असते, ध्वनिलहरी तिथून परत फिरतात आणि पडद्यावर आडव्या ए-रेषा दिसतात. फुप्फुसातल्या पातळ भिंतींमध्ये पाणी साचलं की फुप्फुसाच्या आवरणापासून थेट स्क्रीनच्या तळापर्यंत उभ्या, चमकदार बी-रेषा उतरतात. आयसीयूत हे तंत्र फ्रान्सच्या डॉ. लिश्टेनस्टाइन यांनी कधीच रुळवलं, दम लागण्याचं कारण सोनोग्राफीने शोधायची त्यांची पद्धत, 'ब्लू प्रोटोकॉल', २००८ ची. व्यायामानंतर छातीवरच्या ठरलेल्या २८ जागा तपासत बसायला वेळ नसतो, पण दोन्ही बाजूंच्या तिसऱ्या बरगडीफटीत मिळून चार जागा बघितल्या तरी काम भागतं. मेयो क्लिनिकच्या २०१९ च्या अभ्यासात असा आजार असलेल्या ६१ जणांना कॅथेटर लावून व्यायाम करायला लावला, त्यातल्या ३३ जणांमध्ये बी-रेषा नव्याने आल्या किंवा वाढल्या. मशीन आपल्याकडे आहेच. मग अडतं कुठे?

छातीतज्ज्ञ_कोल्हापूर

अडतं ते उरलेल्या २८ जणांपाशी. आजार पक्का, कॅथेटरने सिद्ध झालेला, आणि तरी रेषा नाहीत. तुमच्या त्या बाई या २८ मधल्या असल्या तर काय करणार? 'फुप्फुसंही स्वच्छ' असा आणखी एक रिपोर्ट हातात देऊन पुन्हा घरीच पाठवणार ना?

दुसरं, हृदयवाल्यांना छाती म्हणजे हृदयाला राहायला दिलेली जागा वाटते. बी-रेषा पाण्याच्या असतात तशा फायब्रोसिसच्याही (फुप्फुस कडक होण्याच्या) असतात. कबुतरांच्या विष्ठेमुळे फुप्फुसं कडक झालेले पेशंट मुंबई-पुण्यात काही कमी नाहीत, त्यांच्या छातीवर प्रोब ठेवला की रेषाच रेषा. उलट व्यायामाने येणाऱ्या दम्यात पडदा स्वच्छ राहतो. शाळेतलं फुटबॉल खेळणारं पोर मैदानावर धापा टाकतं, त्याला सोनोग्राफी काय सांगणार? त्याला पळवा आणि नंतर स्पायरोमेट्री (फुंकून करायची श्वासाची तपासणी) करा. एफईव्ही-१, म्हणजे पहिल्या सेकंदात जोराने बाहेर टाकलेली हवा, दहा टक्के किंवा जास्त उतरलं की निदान हातात.

आणि सीबीसी, म्हणजे साधी रक्ततपासणी? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय निघाला. हिमोग्लोबिन आठ असलेल्या बाईला जिना चढताना दम लागला तर प्रोब बाजूला ठेवा.

निशिगंध

आईला तीन वर्षं 'टेन्शन घेऊ नका' ऐकावं लागलं. शेवटी एका डॉक्टरांनी तिला हॉस्पिटलच्या जिन्यावर चढायला लावलं आणि वर पोचल्यावर तपासलं. ऑक्सिजन ठीक होता, पण श्वास केवढा चढतो ते त्यांनी स्वतः पाहिलं, आणि तिथून पुढे तपासण्यांना दिशा मिळाली. सोनोग्राफी असो नाहीतर आणखी काही, पेशंटला चालवून बघा एवढंच सांगायचं आहे.

इकोवाला

@छातीतज्ज्ञ_कोल्हापूर, २८ हा आकडा तुम्ही अचूक काढलात, पण रेषा नाहीत म्हणजे आजार नाही असं मी कुठे लिहिलंय? दिसल्या तर बोलायचं, नाही दिसल्या तर गप्प बसून पुढची तपासणी. फायब्रोसिसच्या रेषा बसल्या जागीही असतात, आवरण खडबडीत दिसतं आणि पाच मिनिटं विश्रांती घेतली म्हणून त्या पुसल्या जात नाहीत. म्हणून तर आधी आणि नंतर, दोन्ही वेळा बघायचं. फरक महत्त्वाचा.

फरक सापडला तर करण्यासारखंही आहे. पूर्वी या आजाराला लघवीच्या गोळ्यांपलीकडे फारसं काही नव्हतं. आता मुळात शुगरसाठी आलेल्या दोन गोळ्यांच्या चाचण्यांचे निकाल समोर आहेत, एम्पाग्लिफ्लोझिनचे २०२१ चे आणि डापाग्लिफ्लोझिनचे २०२२ चे. निदान न होता राहिलेल्या बाई त्या गोळीलाही मुकतात.

काळापांढरा

रेडिओलॉजीवाला आहे. 'मशीन आपल्याकडे आहेच' हे वाक्य वाचून हसू आलं. गर्भलिंग निदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा आपल्या राज्याने १९८८ मध्ये केला, १९९४ मध्ये केंद्राचा आला. छाती बघा नाहीतर घोटा बघा, सोनोग्राफी मशीनची नोंदणी लागतेच. २०१२ च्या नियमाने पोर्टेबल मशीन नोंदणीकृत जागेतल्या भरती पेशंटसाठी किंवा नोंदणी असलेल्या फिरत्या आरोग्य पथकातच वापरता येतं. तेव्हा खिशात मावणारा प्रोब घेऊन ट्रेडमिलच्या खोलीत जाण्याआधी फाइल उघडून बघा. परदेशातले लेख वाचताना हे कोणी सांगत नाही.

बरं, एको आणि टीएमटी (ट्रेडमिलवरची तपासणी) एकाच नोंदणीकृत खोलीत असतील तर प्रश्न मिटला. पण तशी किती ठिकाणं आहेत?

रहिवासी_दुसरे_वर्ष

मायट्रल स्टेनोसिस (हृदयाच्या डाव्या बाजूची झडप आवळणं) राहिलं. आपल्याकडे संधिवाताच्या तापाने झडप आवळलेल्या तरुण बायका अजून येतात. झडप मध्यम आवळलेली, आणि बाई म्हणतात 'मला काही होत नाही', कारण त्यांनी जिना चढणंच सोडलेलं असतं. अशा वेळी सायकल मारल्यावर रेषा आल्या तर झडप फुग्याने उघडायचा निर्णय घ्यायला मदत होते. आजाराचा पहिला संशय स्टेथोस्कोपनेच येतो, ते मान्य.

सह्याद्रीकर

अवांतर विचारतो. उंचावरच्या ट्रेकला काही जणांच्या फुप्फुसात पाणी होतं, तेव्हा हीच तपासणी का?

इकोवाला

@सह्याद्रीकर, हो, तीच. नेपाळमध्ये एव्हरेस्टच्या वाटेवर फेरिचेच्या दवाखान्यात ही पद्धत वापरून झाली आहे. पण तिथे दाब चढतो तो फुप्फुसाच्या धमन्यांचा, हृदयाच्या डाव्या बाजूचा दोष नसतो. आणि तिथे बसल्या जागी दम लागला तर मशीन शोधू नका, खाली उतरा.

छातीतज्ज्ञ_कोल्हापूर

हे तर माझ्याच बाजूचं झालं. रेषा त्याच, कारण वेगळं. ट्रायथलॉनच्या धडधाकट खेळाडूंमध्येही शर्यतीनंतर बी-रेषा दिसल्याच्या नोंदी आहेत. त्यांना हार्ट फेल्युअर म्हणायचं का? तुमच्या अभ्यासातल्या सगळ्या ६१ जणांना आजार होताच. रस्त्यावरून साठीच्या ६१ निरोगी माणसांना उचलून आणा, सायकल मारायला लावा आणि मग सांगा किती जणांना रेषा येतात.

शिवाय मोजणार कोण? एका फटीत तीन किंवा जास्त रेषा म्हणजे पॉझिटिव्ह, हे कागदावर सोपं. धापा टाकणाऱ्या, जाड अंगाच्या बाईंच्या छातीवर प्रोब धरून बघा. तुमच्यासारख्या उत्साही माणसाला अडीचच्या तीन दिसणारच.

इकोवाला

टोमणा पोचला. मोजणीवर उपाय आहे. आधीच्या आणि नंतरच्या क्लिप साठवायच्या आणि कुठली कधीची ते न सांगता दुसऱ्याकडून मोजून घ्यायच्या. तुम्हालाच पाठवतो, मोजाल का?

छातीतज्ज्ञ_कोल्हापूर

मोजेन. पण प्रत्येक क्लिपबरोबर त्या पेशंटचा पीएफटी (फुप्फुसांच्या क्षमतेची तपासणी) आणि हिमोग्लोबिन हवं. ते नसेल तर उघडणार नाही.

काळापांढरा

आणि मशीनच्या नोंदणीची झेरॉक्स जोडा.