पिठूर चांदणं, परप्रकाशी चंद्र आणि आरशाचा कवडसा

प्रश्न :
शाळकरी मुलांसाठीच्या विज्ञानपुस्तिकेचं मुद्रितशोधन करतेय. एक वाक्य आहे, 'चंद्र आरशाप्रमाणे सूर्यप्रकाश परावर्तित करतो, म्हणून आपल्याला शीतल चांदणे मिळते.' त्यातलं 'आरशाप्रमाणे' खटकतंय, पण का ते नीट सांगता येत नाहीये. शिवाय पुढच्या पानावर 'आम्ही चांदण्यांत फिरायला गेलो' असं अनुस्वारासकट छापलंय. तो काढू ना?

प्रतिसाद १ :
काढा. 'चांदण्यात' म्हणजे चांदणं पडलेलं असताना. 'चांदण्यांत' म्हणजे थेट ताऱ्यांमध्ये, तिथे फिरायला यान लागेल! हिंदीत चांदनी म्हणजे उजेड आणि आपल्याकडे चांदणी म्हणजे तारा, त्यामुळे अनुवादात हमखास घोळ होतो. बोलताना मात्र आपणही इतके काटेकोर नसतो. अंधाऱ्या रात्री आभाळ ताऱ्यांनी गच्च भरलं तरी 'काय चांदणं पडलंय' म्हणतोच. आणि आपली सगळ्यांत ठळक चांदणी, शुक्राची, ती तर ताराच नव्हे. तीही चंद्रासारखीच परप्रकाशी.

प्रतिसाद २ :
आरशाची उपमा जुनी आणि घरंदाज आहे, तेव्हा लेखकाला फार बोल लावू नका. सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेत लिहिलंय की जलमय चंद्रावर पडलेले सूर्याचे किरण रात्रीचा अंधार घालवतात, आरशावर पडलेले किरण घरातला घालवतात तसे. चंद्राला स्वतःचा उजेड नाही हे त्यात अगदी बरोबर आहे. चुकलाय तो आरसा.

उन्हात आरसा धरला की समोरच्या भिंतीवर कवडसा पडतो. आरशाचा उजेड एकाच दिशेला जातो. कवडशाच्या वाटेत उभे राहिलात तर डोळे दिपतात, दोन पावलं बाजूला सरकलात की आरसा काळपट दिसतो. शेजारची भिंत मात्र कुठूनही पाहा, उजळच दिसते. गॅलिलिओने १६३२ सालच्या आपल्या संवादग्रंथात हाच भिंतीवरच्या आरशाचा दाखला देऊन चंद्र आरसा नाही हे पटवलं. गुळगुळीत गोल आरसा असता तर चंद्राच्या जागी सूर्याचा एक बारीकसा ठिपका चमकला असता, बाकी सगळा काळोख. मग कला कुठल्या आणि कोजागिरी कुठली.

तेव्हा 'चंद्राच्या खडबडीत पृष्ठभागावर पडलेला सूर्यप्रकाश सगळीकडे विखुरतो' असं सरळ लिहा. 'परावर्तित' ठेवायला हरकत नाही, आरसा तेवढा उतरवा.

प्रतिसाद ३ :
यात 'पिठूर चांदणं' आठवलं. टिपूर आणि पिठूर आपण अदलाबदलीने वापरतो, पण माझ्या कानाला टिपूर म्हणजे लख्ख, स्वच्छ रात्र, आणि पिठूर म्हणजे पीठ सांडल्यासारखा, सगळीकडे सारखा पसरलेला उजेड. गंमत म्हणजे चंद्रावर खरोखरच पीठ आहे. अब्जावधी वर्षं लहानमोठ्या उल्का आदळून तिथल्या खडकाचा भुगा झालाय. काळसर सपाट भागांत या थराची जाडी साधारण ४-५ मीटर, उंचवट्यांच्या भागांत १० ते १५ मीटर. पौर्णिमेचा चंद्र चेंडूसारखा कडेला मंदावत जात नाही, थाळीसारखा सपाट दिसतो, तो या भुग्यामुळेच.

मुलांना सांगण्यासारखी गोष्ट पुढे आहे. अष्टमीला अर्धा चंद्र दिसतो, मग चांदणं पौर्णिमेच्या निम्मं असेल असं वाटतं. प्रत्यक्षात ते जेमतेम एक दशांश असतं. अष्टमीला ऊन आपल्या नजरेला आडवं पडतं, त्यामुळे प्रत्येक विवराची, प्रत्येक कणाची सावली आपल्याला दिसते आणि उजेड खाते. पौर्णिमेला सूर्य आपल्या पाठीशी असतो, तेव्हा या सावल्या ज्याच्या त्याच्या मागे दडतात. निम्मं चांदणं हवं असेल तर पौर्णिमेच्या दोनतीन दिवसच आधी, म्हणजे द्वादशी-त्रयोदशीच्या सुमाराला बाहेर पडायचं.

प्रतिसाद ४ :
पुस्तिकेत कला पृथ्वीच्या सावलीमुळे होतात असं तर छापलेलं नाही ना? तेही तपासा. ते ग्रहण. 'कला' शब्दावर एक टीप टाका, कारण पंचांगात कला म्हणजे अंशाचा साठावा भागही. चंद्रबिंब आकाशात सुमारे ३१ कला रुंद दिसतं, आणि चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढे सरकला की एक तिथी होते. चंद्राच्या सोळा कला वेगळ्या, या वेगळ्या.

प्रतिसाद ५ :
परप्रकाशी शब्दाची मात्र आपण वाट लावली आहे. पुढाऱ्याच्या मुलाला टोमणा मारायचा की चंद्राला ओढायचं. पडलेल्या उजेडापैकी जेमतेम १२ टक्के चंद्र परत पाठवतो, रंगाने तो झिजलेल्या डांबरी रस्त्याच्या जातीचा. भोवती काळं आकाश आहे म्हणून पांढरा दिसतो. एवढ्या भांडवलावर रात्र उजळणाऱ्याला उसनवारीचा टोमणा कशाला?

तीच गत 'लांछन'ची. मूळ अर्थ फक्त खूण. जैन तीर्थंकरांना लांछनं असतात, त्यांत आठव्या चंद्रप्रभांचं लांछन तर चंद्रच. चंद्रावरचे डाग म्हणजे प्राचीन लाव्हाचे काळे बेसॉल्ट. आपला सह्याद्रीही बेसॉल्टचाच. पुस्तिकेत 'डाग' लिहा, 'लांछन' नको, मुलं चंद्राने काय केलं म्हणून विचारतील.

प्रश्नकर्ती :
आरसा उतरवला, अनुस्वार काढला. 'शीतल' ठेवू का?

प्रतिसाद २ :
कवितेत खुशाल ठेवा. या पुस्तिकेत पुढे तापमानं येणार असतील तर अडचण होईल. चंद्रावर भर दुपारी विषुववृत्ताजवळ सुमारे १२० अंश सेल्सिअस असतं. चंद्रयान-३ च्या मोजणीत, तेही दक्षिण ध्रुवाकडच्या भागात, वरची माती तापलेली आणि जेमतेम ८ सेंटिमीटर खाली शून्याखाली १० अंश निघाली. 'मंद' लिहा, म्हणजे दोन्ही पानं भांडणार नाहीत.